होडीत आणखी किती माणसं

४ मार्च

मेहुणीने ही वही आणून दिली. म्हणाली, "भावोजी, बोलत नाही तर नका बोलू, पण लिहा तरी. आत साठवून ठेवलं की माणूस आंबतो." मी हुं म्हटलं. वही चांगली आहे. दोनशे पानं, समास आखलेला.

तिला जाऊन आज एकोणतीस दिवस झाले. वजनमापे खात्यात बत्तीस वर्षं निरीक्षक होतो, त्यामुळे आकडा आपोआप होतो. मुद्दाम मोजत नाही.

पुढे काय लिहायचं ते सुचत नाही. लिहिण्याचं काम या घरात तिचं होतं. तिने जुन्या शिडाच्या जहाजांच्या, लढायांच्या आणि वादळांच्या सतरा कादंबऱ्या लिहिल्या. सगळ्या 'दर्यावर्दी' या टोपणनावाने. वाचकांना वाटतं, हा कोणी दाढीवाला म्हातारा खलाशी आहे. ती टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होती. समुद्रावर आयुष्यात एकदाच गेली, माझ्याबरोबर, एका धक्क्यावरून समोरच्या धक्क्यावर. पाऊण तासाचा प्रवास. जाताना उलट्या, येताना उलट्या. घरी आल्यावर दोन दिवस झोपून होती आणि तिसऱ्या दिवशी पहिलं पुस्तक सुरू केलं.

७ मार्च

प्रकाशक आले होते. खुर्चीत बसताना दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून "मी काय म्हणतो" असं म्हणतात आणि मगच बसतात.

अठराव्या पुस्तकाचं शेवटचं प्रकरण अपुरं आहे. ते म्हणाले, "साहेब, जाहिरात गेलेली आहे. लोक विचारतायत. तीन-चार पानांचा प्रश्न आहे, तुम्हीच पुरं करा."

"मी?"

"मग कोण? सतरा पुस्तकं तुमच्या डोळ्यांसमोर झाली. ताईंसाठी आकडेमोड तुम्हीच करायचात ना?"

ते खरं आहे. पाण्याची पिंपं किती दिवस पुरतील, तोफेचा गोळा किती जड, हे ती मला विचारायची. पण आकडेमोड वेगळी आणि लिहिणं वेगळं.

"कल्पना सोपी आहे," प्रकाशक म्हणाले. "होडीत एक जागा. जहाजावर दोघं. कप्तान आणि तो सुतार. कप्तान वाचला पाहिजे, कारण पुढची पुस्तकं दुसऱ्या कोणाकडून लिहून घेता येतील. सुतार बुडू दे. वाचक रडेल. मी काय म्हणतो, वाचक रडला पाहिजे."

मी म्हटलं, बघतो.

८ मार्च

हस्तलिखित वाचलं. शेवटच्या प्रकरणातला काही भाग इथे उतरवून ठेवतो.

"मधली डोलकाठी मोडून पाण्यात लोंबत होती आणि तिच्या दोरांनी जखडलेलं जहाज डाव्या कुशीवर कलत चाललं होतं. खालच्या मजल्यावर तोफा सुटल्या होत्या. प्रत्येक हेलकाव्याबरोबर त्या लाकडावर आपटत आणि कप्तान प्रत्येक वेळी शिवी हासडत होता. एकोणीस माणसं होडीत उतरली होती. सुताराने सगळ्यांच्या आधी आपली हत्यारांची पेटी होडीत ठेवली होती आणि स्वतः मात्र वरच उभा होता. 'उतर!' कप्तान ओरडला. सुतार हलला नाही. 'अरे लाकडाच्या ओंडक्या, उतर म्हणतो ना!' होडीत आणखी"

इथे थांबलंय. पुढे पान कोरं.

या सुताराबद्दल माझं मत मी तिला दुसऱ्या पुस्तकापासून सांगत आलो. हे पात्र कशासाठी आहे ते कळत नाही. कप्तान उंच, बोलका, रागावतो, हसतो, तोफांच्या धुरात गाणी म्हणतो. सुतार काहीच करत नाही. पेन्सिल जिभेवर ओली करतो. रुमालाची चौपदरी घडी घालतो. तळघराचं झाकण बंद केलं की तीनदा ओढून बघतो. एकदा बंद केलेलं झाकण तीनदा कशाला बघायचं? प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी कप्तान विचारतो, "काय रे, जहाज ठीक आहे ना?" आणि सुतार म्हणतो, "हुं." सतरा पुस्तकांत सतरा वेळा. मी तिला म्हणायचो, याला काढून टाक, पानं वाचतील. ती हसायची. "राहू दे हो," म्हणायची, "त्याच्याशिवाय जहाज तरंगायचं नाही."

१२ मार्च

टपाल आलं. नेहमीच्या वाचकाचं पत्र. हे गृहस्थ निवृत्त दीपगृहरक्षक आहेत आणि प्रत्येक पुस्तक वाचून दर्यावर्दींना पत्र घालतात. त्यांना माहीत नाही. प्रकाशकांनी बातमी कुठेच दिलेली नाही. लिहितात, "आपली प्रकृती ठीक असेल. अठरावं कधी? आपल्या त्या फिरत्या वाऱ्याची वाट बघतो."

त्या फिरत्या वाऱ्याबद्दल लिहून टाकतो. वीस वर्षं मनात आहे.

लढाई लिहायची असली की आम्ही जेवणाच्या टेबलावर मांडून बघायचो. लाकडी ट्रे म्हणजे जहाज, लाटणं म्हणजे डोलकाठी, माझा रुमाल म्हणजे शीड. वारा म्हणजे टेबलफॅन. ती या टोकाला वही घेऊन, मी त्या टोकाला. फॅनचं वरचं बटण ओढून तो एका दिशेला स्थिर ठेवणं हे माझं काम. चौथ्या पुस्तकातली मोठी लढाई मांडली तेव्हा ते राहून गेलं. पंखा डावीकडून उजवीकडे फिरत राहिला आणि तिने जसं दिसलं तसं लिहिलं: कप्तानाने शिडं वळवली की वारा उलटतो, तोफा डागेपर्यंत पुन्हा पहिल्या जागी. छापून आल्यावर माझ्या लक्षात आलं. मी तिला सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की चष्मा वरणात पडला.

मला हसू आलं नाही. बत्तीस वर्षांत माझ्या हातून एकही तराजू चुकीचा पास झालेला नाही.

पुढे वर्तमानपत्रात आलं की, वाऱ्याच्या लहरीपणाचं असं ज्ञान केवळ आयुष्य समुद्रावर घालवलेल्या माणसालाच असू शकतं. तेव्हापासून तिने प्रत्येक पुस्तकात तोच वारा ठेवला. दीपगृहवाल्यांनी त्या वेळी लिहिलं होतं, "एकतीस वर्षं किनाऱ्यावर काढली, असा वारा पाहिला नाही. पण आपण म्हणता तर खोल समुद्रावर असेल."

१३ मार्च

काही नाही. पंखा पुसला.

१९ मार्च

बँकेत जायचं होतं. कुलूप लावलं, ओढून बघितलं, फाटकापर्यंत गेलो, परत येऊन पुन्हा ओढलं. तिसऱ्यांदा आलो तोवर बस गेली. चालत मेहुणीकडे गेलो. तिचं शिलाईचं दुकान बँकेच्या रस्त्यावरच आहे.

बरेच दिवस एक गोष्ट विचारायची होती. कप्तान हा कोण, असं. म्हणजे या दोघी बहिणींच्या आतेभावावरून घेतलेला आहे का. तो उंच होता, गायचा, लग्नात सगळ्यांना हसवायचा. लग्नाआधी तिला त्याच्याबद्दल विचारणा झाली होती असं माझ्या कानावर होतं. अडतीस वर्षांत मी विषय काढला नाही.

मेहुणीने मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या काढून उशीला टोचल्या.

"भावोजी, तुम्ही सतरा पुस्तकं वाचलीत?"

"मुद्रितं तपासलीत."

"तेच. तपासलीत." मग म्हणाली, "कप्तान शिव्या कशा देतो?"

"भरपूर."

"आणि भांडण झालं की?"

"डेकवर येरझाऱ्या घालतो आणि मोठ्याने गाणं म्हणतो."

"आमच्याकडे असं कोण करायचं?"

मी विचार केला. ती भांडण झालं की स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालायची आणि गाणं म्हणायची. सूर धरून नाही.

"कप्तान म्हणजे ताई," मेहुणी म्हणाली. "तो आतेभाऊ बोटीत नुसता बसला तरी बोट बुडवेल. गाढव कुठला."

मी म्हटलं, "असं होय."

"आणि सुतार?" तिने विचारलं.

"सुताराचं काय? सुतार कोणीच नाही. तो बुडायचाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग मशीनवर डोकं ठेवून हसायला लागली आणि थोड्या वेळाने डोळे पुसायला लागली. बहीण गेल्यापासून तिचं असं होतं. मी पाणी आणून दिलं.

२० मार्च

कप्तान म्हणजे ती असेल तर कप्तान बुडणं शक्य नाही. प्रकाशकांचंच बरोबर. प्रकरण सोपं झालं. आज लिहून काढलं:

"होडीत आणखी एकाच माणसाची जागा होती. कप्तान उतरला. सुतार बुडाला. समाप्त."

वाचून बघितलं. चूक काही नाही. तरी लिफाफ्यात घातलं नाही.

२२ मार्च

हस्तलिखिताची पानं क्रमाने लावत होतो. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात ती तारीख घालते. शेवटच्या पानावर २३ जानेवारी आहे. समासात बारीक अक्षरात, "यांना विचारलंय."

ती गेली तीन फेब्रुवारीला. दवाखान्यात शेवटच्या तीन दिवसांपर्यंत ती नीट बोलत होती, लिहीत होती. नर्सबाईंना हिशोबाने पत्ते कसे पिसायचे ते शिकवत होती. वही उशाला होती. मग लिहिलं का नाही?

तेवीस तारखेची दुपार मला आठवते. खाट खिडकीजवळची. ती म्हणाली, "अहो, सोळा फुटी होडी आहे. एकोणीस माणसं बसलीत. एक पाण्याचं पिंप, एक सुताराची पेटी. आणखी किती माणसं घेईल? वादळ थोडं ओसरलंय असं धरा."

मी म्हटलं, "बघतो."

त्याच वेळी डॉक्टरांनी बाहेर बोलावलं. मग तपासण्या, मग रक्त, मग त्या खोलीतून दुसऱ्या खोलीत हलवलं. मी बघितलं नाही. विसरलो असं नाही. रोज खिशात कागद होता, त्यावर 'होडी १६ फूट' लिहिलेलं होतं. उद्या बघू म्हणत होतो. तिने पुन्हा विचारलं नाही. ती कधीच दोनदा विचारायची नाही, कारण बघतो म्हटलं की मी बघतो हे तिला ठाऊक होतं.

अकरा दिवस ती माझ्या आकड्यासाठी थांबली होती.

२३ मार्च

लिहिण्यासारखं नाही.

२६ मार्च

पत्र्याचं काम करणाऱ्याकडे गेलो. गल्लीच्या तोंडाशी बसतो, पुढ्यात कोळशाची शेगडी, कात्री, डाग द्यायचं सामान. त्याला कागदावर होडी काढून दिली. बारास एक प्रमाण. लांबी सोळा इंच, रुंदी पाच, खोली दोन.

"नातवासाठी का?" त्याने विचारलं.

मी हुं म्हटलं. आम्हाला मूल नाही. पण सगळं समजावून सांगायचं म्हणजे फार बोलावं लागलं असतं.

"मग थोडी मोठी करू की. पोरं दोन दिवसांत चेपवतात."

"नको. सोळाच."

"साडेसोळा घ्या, पत्रा वाया जातोय."

"सोळा."

"बरं बाबा, सोळा." त्याने पत्रा कापायला घेतला. "किती माणसं बसणार हिच्यात?"

"तेच बघायचंय," मी म्हटलं.

तो हसला. मी का हसलो नाही ते त्याला कळलं नाही. होडी झाल्यावर मी पट्टी लावली. सोळा इंच आणि एक सूत. एक सूत चालेल.

२८ मार्च

माणूस सरासरी साठ किलोचा धरला. लांबी बाराने कमी झाली की वजन बारा गुणिले बारा गुणिले बाराने कमी होतं, म्हणजे एक हजार सातशे अठ्ठावीस पटीने. माणूस पस्तीस ग्रॅमचा होतो. दोनदा ताडून पाहिलं.

तांदळाच्या पुरचुंड्या बांधल्या. प्रत्येकी पस्तीस ग्रॅम. घरात माझी जुनी पितळी प्रमाण वजनं आहेत. निवृत्तीच्या वेळी खात्याने नवी आणली आणि जुनी मला दिली. मखमलीच्या खणांत बसतात. त्यांच्यावर तोलल्या. हत्यारांची पेटी किती जड असते हे तिने सहाव्या पुस्तकात लिहून ठेवलंय, "पेटी उचलायची म्हणजे एक माणूस उचलायचा." म्हणजे पस्तीस. पिंप वेगळं.

३० मार्च

जेवणाच्या टेबलावर मोठं घमेलं ठेवलं, पाणी भरलं, स्टुलावर पंखा. या वेळी बटण आधी वर ओढलं. दोनदा तपासलं.

मेहुणी डबा घेऊन आली तेव्हा मी घमेल्यात वाकून काठ मोजत होतो.

"भावोजी, हे काय चाललंय?"

"माणसं बसवतोय."

"तांदळाची?"

"त्यांचा कप्तान हा. याला लाल दोरा बांधलाय."

ती खुर्ची ओढून समोर बसली. तिच्या बहिणीच्या खुर्चीत. म्हणाली, "मी काय करू?"

"पंखा एकवर लाव. मी सांगितलं की."

निकाल असा. एकोणीस माणसं, पिंप आणि पेटी: काठ पाण्यापासून एक बोट वर. वीस माणसं: पाऊण बोट. पंखा एकवर, पाणी आत येत नाही. एकवीस माणसं: अर्धं बोट. पंखा एकवर लावताच लाटा काठावरून आत. तीन मिनिटांत होडी पुरचुंड्यांसकट तळाला.

"म्हणजे एकच," मेहुणी हळू म्हणाली.

"एकच."

ती तांदूळ गाळून घ्यायला लागली. मी होडी पुसली. सगळं खरं होतं. प्रकाशक बरोबर होते आणि माझं वीस तारखेचं लिखाणही. तरी दोन चाचण्यांवर शिक्का मारायचा नाही असा नियम आहे. तिसरी करावी लागते.

तिसरीच्या वेळी, कोरड्या तांदळाच्या नव्या पुरचुंड्यांनी होडी भरताना, मेहुणी म्हणाली, "या पेटीचं होडीत काय काम?"

"सुताराची आहे. हत्यारं."

"ते कळलं. पण काम काय?"

"सुतार ती सोडणार नाही. तिच्याशिवाय तो कोण?"

"मला काय माहीत? तुम्ही म्हणालात, तो कोणीच नाही." तिने पेटी उचलून टेबलावर ठेवली.

एकवीस माणसं, पिंप, पेटी नाही. काठ पाऊण बोट. पंखा एकवर. आम्ही घड्याळ लावून वीस मिनिटं बसलो. होडी घमेल्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत जात राहिली आणि लाल दोऱ्याची पुरचुंडी शेवटपर्यंत कोरडी होती.

पंखा दोनवर लावून बघायचं मी म्हटलं. मेहुणी म्हणाली, "नाही लावायचा. ताईने सांगितलंय ना वादळ ओसरलंय म्हणून?"

५ एप्रिल

प्रकरण पुरं केलं. सहा दिवस लागले. पावणेदोन पानं झाली. बरीचशी मोजमापं आहेत. मुख्य भाग असा:

"होडीत आणखी दोन माणसांची जागा होती, पण पेटी धरून एकाचीच. सुतार दोराला धरून खाली उतरला. त्याने आपली पेटी उचलली आणि पाण्यात टाकली. मग वर बघून म्हणाला, 'कप्तान, या. दोघांची जागा आहे. मी मोजलंय.'

'आधी का नाही सांगितलंस?' कप्तान म्हणाला.

सुतार म्हणाला, 'हुं.'

कप्तान उतरला. होडी सुटली. काठ पाण्याच्या वर राहिला."

कप्तानाने काहीतरी बोलायला हवं म्हणून तो प्रश्न घातला. त्यावर सुताराने काय म्हणावं ते दोन दिवस सुचलं नाही, म्हणून हुं लिहिलं.

पेटी टाकली त्याचं वाईट वाटतं. चांगली हत्यारं पुन्हा मिळत नाहीत.

११ एप्रिल

प्रकाशकांच्या कार्यालयात गेलो. अरुंद जिना, दोन्ही बाजूंना न विकलेल्या पुस्तकांचे गठ्ठे. त्यांनी माझ्यासमोरच वाचलं.

"साहेब, दोघंही वाचले?"

"हुं."

"मी काय म्हणतो, बलिदान हवं हो! अठराव्या पुस्तकाचा शेवट आहे. एकाने तरी मरायला पाहिजे."

"माप तसं आलं नाही."

"माप? अहो, ही कादंबरी आहे, वाण्याचा तराजू नाही! कोण मोजायला बसलंय?"

मी होडी पिशवीतून आणली होती. टेबलावर ठेवली. त्यांनी तिच्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पाणी मागवलं. प्यायला मागवलं होतं, पण मला क्षणभर वाटलं की चाचणी घ्यायची आहे.

मग ते जरा खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, दोघं वाचू देत. पण हे वाक्य काढतो. 'दोघांची जागा आहे, मी मोजलंय.' सतरा पुस्तकांत हा माणूस एक शब्द बोलला नाही. आता एकदम भाषण? ते त्या पात्राला शोभत नाही. त्याने नुसतं हुं म्हणावं. कप्तान काय ते समजून घेईल."

मी म्हटलं, "नाही समजणार."

"आजवर समजत होताच की."

"आजवर समजून घेतलं," मी म्हटलं. "ते वाक्य राहील."

"साहेब, तुम्ही लेखक नाही. गैरसमज नको, पण—"

"वाक्य राहील. नाहीतर पानं परत द्या." मी हात पुढे केला.

प्रकाशकांनी पानं जुळवून फाइलीत घातली. मग विचारलं, "त्या सुताराचा तुम्हाला एवढा पुळका कधीपासून? ताई म्हणायच्या, तुम्हाला तो आवडत नाही."

"आवडत नाहीच," मी म्हटलं. "पण आकडा त्याला माहीत होता. सांगायला हवा होता."

जिना उतरताना लक्षात आलं की रुमाल वर राहिला. परत गेलो नाही.

३० जून

पुस्तक आलं. मुखपृष्ठावर होडी आहे, तिच्यात पंधराच माणसं काढलीत. वाक्य आहे. मेहुणीने एक प्रत नेली आणि दुकानात मशीनशेजारी ठेवली. सुताराबद्दल मी तिला पुन्हा म्हटलं, हे पात्र शेवटपर्यंत मला नीट कळलं नाही. ती म्हणाली, "राहू द्या. ताईला कळलं होतं."

१८ जुलै

दीपगृहवाल्यांचं पत्र आलं. पूर्ण उतरवून घेतो.

"आदरणीय दर्यावर्दी, अठरावं वाचलं. सुतार वाचला, फार बरं वाटलं. गलबतावर पहिल्यापासून माझा जीव त्याच्यावरच होता, कप्तानाचाही असावा. एक शंका विचारतो, राग मानू नये. शेवटच्या दोन पानांत वारा एकाच बाजूने वाहतो. आजवर आपला वारा कधी असा नव्हता. तो इकडेही यायचा आणि तिकडेही जायचा. शास्त्राप्रमाणे आत्ताचाच बरोबर, हे मी जाणतो. तरी चुकल्यासारखं वाटलं. घरी सर्व कुशल ना?"

पत्र दोनदा वाचलं. मग माळ्यावरून चौथ्या पुस्तकाच्या वह्या काढल्या. तिचं काम मी तपासलेलं आहे, पण छापायला गेलेलं. कच्च्या वह्या कधी उघडल्या नव्हत्या. लढाईचं प्रकरण सापडलं. कोपऱ्यात तारीख, मे महिना, आणि समासात:

"यांना फार घाम फुटलाय. सांगत नाहीत. रुमाल शिडाला दिलाय, पुसायलाही काही नाही. मघाशी हात धुवायला गेले तेव्हा मी पंख्याचं बटण दाबून ठेवलं. दोघांना वारा लागू दे. लढाईचं बघून घेऊ."

म्हणजे बटण मी ओढलं होतं. ते माझ्याकडून राहिलेलं नव्हतं.

वीस वर्षं हे तिने सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दीपगृहवाल्यांना पत्र लिहायला बसलो. त्यांना खरं ते कळवलं: दर्यावर्दी कोण होती, समुद्र तिला कसा लागायचा, ती कधी गेली. शेवटची दोन पानं माझी आहेत, त्यांतल्या वाऱ्याची चूकही माझी, असं लिहिलं. चार पानं झाली. इतकं लांब पत्र मी कधी लिहिलं नव्हतं.

दुपारी उकडायला लागलं. पंखा टेबलाच्या कडेला घेतला, एकवर लावला आणि बटण दाबलं. तो माझ्याकडून तिच्या खुर्चीकडे गेला, तिथे थोडा थांबला आणि परत आला.